परिचर्येतील नेतृत्व : स्कुटारी ते जामखेड

देवळाली प्रवऱ्यातील एका शाळेत आठवीच्या मुलांना मी एकदा विचारले, "दवाखान्यात नर्स काय करते?" उत्तरे पटापट आली. इंजेक्शन देते, ताप बघते, पट्टी बांधते. "नर्सला काम कोण सांगते?" या प्रश्नालाही सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले, "डॉक्टर!" मग विचारले, "आणि नर्स कोणाला सांगते?" वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमच्या आईला." मुले हसली. मुलगी मात्र ठाम होती. धाकट्या भावाला जुलाब लागले तेव्हा सिस्टरने आईला मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवले होते आणि आता गल्लीतल्या बायका आईलाच विचारायला येतात, असे तिने सांगितले.

मुले हसली खरी, पण त्या मुलीचे उत्तर परिचर्येच्या इतिहासातील एका मोठ्या प्रश्नाला भिडणारे होते. परिचारिकेचे नेतृत्व म्हणजे काय? हाताखालच्यांकडून काम चोख करून घेणे, की आपले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला समर्थ करणे? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला शोधले गेले. पण तिथे पोचण्यापूर्वी जरा मागे जाऊ.

स्कुटारीचे आकडे

नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी बाई हे त्यांचे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. पण त्या हिवाळ्यात रुग्णालयातील मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले, हे फारसे कोणी सांगत नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने तुंबलेली गटारे उपसली, पाणी आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास उतरले.

युद्ध संपल्यावर नाइटिंगेलबाईंनी विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाच्या मदतीने हे सगळे आकडे पुन्हा तपासले. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले होते. हा निष्कर्ष त्यांनी १८५८ मध्ये एका वर्तुळाकार आलेखातून मांडला. गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो आलेख मुलांना जरूर दाखवावा. नेत्याचा पहिला गुण येथे दिसतो. आपल्याच कामाचा हिशेब मांडायचा आणि तो आपल्या विरुद्ध गेला तरी लपवायचा नाही.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिका विद्यालय सुरू झाले. तेथून जी पद्धत जगभर गेली तिचा कणा होता शिस्त. वर मेट्रन, तिच्या हाताखाली वॉर्डची सिस्टर, मग नर्स, मग शिकाऊ मुली. आपल्या सरकारी रुग्णालयांतील अधिसेविका, परिसेविका आणि अधिपरिचारिका ही उतरंड त्याच पद्धतीची मराठी रूपे आहेत.

शिस्त कशाला हवी?

आज 'शिस्त' म्हटले की आपल्याला दरारा आठवतो. पण परिचर्येत शिस्तीमागे एक शास्त्रीय कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. शरीराचा भार एकाच जागी राहिला की तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ऊतींना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांतच त्या मरू लागतात. यालाच शय्याव्रण म्हणतात. ते टाळायचे तर रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही. आज सकाळपाळीची नर्स करील, उद्या रात्रपाळीची विसरेल, असे चालत नाही. एका व्यक्तीच्या चांगुलपणावर हे काम सोपवता येत नाही, त्याला व्यवस्था लागते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हे जगाला दिसले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत मेट्रन बदलल्या, सिस्टर निवृत्त झाल्या, ज्यांनी अरुणाबाईंना कधी उभे पाहिले नव्हते अशा मुली सेवेत आल्या, पण काम खंडले नाही. ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली आणि इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, हेही नोंदवले. तेव्हा नाइटिंगेल परंपरेतील शिस्तीला नावे ठेवण्यापूर्वी ही बाजू ध्यानात घ्यायला हवी.

पण या परंपरेची एक मर्यादाही होती. ती रुग्णालयाच्या भिंतींच्या आत वाढली होती, आणि आपला बहुतेक देश त्या भिंतींच्या बाहेर राहत होता.

भिंतींच्या बाहेर

आपल्याकडे परिचर्येचा व्यवसाय रुजणे मुळातच अवघड होते. रक्त, मलमूत्र, परक्या पुरुषांचा स्पर्श आणि रात्रपाळी या चारही गोष्टी जातीच्या आणि कुलीनतेच्या कल्पनांना धक्का देणाऱ्या होत्या. १८९७ मध्ये पुण्याच्या परिसरात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांना डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनचे काम सुरू झाले. सेवासदनने मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. त्या काळी घरंदाज मुलीने नर्स होणे म्हणजे लोकांच्या टीकेला तोंड देणे होते. रमाबाईंनी या मुलींच्या मागे आपली प्रतिष्ठा उभी केली. हेही नेतृत्वच.

तरीही संख्या तोकडीच राहिली. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. अशा स्थितीत प्रत्येक खेड्यात एक प्रशिक्षित नर्स कधी पोचणार, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. उत्तर म्हणून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे आपण जिला ए.एन.एम. म्हणतो, ती नेमली जाऊ लागली.

जामखेडची फसलेली योजना

देवळाली प्रवरा प्रवरेच्या कालव्याच्या टापूत येते. इकडे ऊस आहे, साखर कारखानदारी उभी राहिली, रस्ते झाले. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला जामखेड तालुका मात्र कायमचा दुष्काळी. सप्टेंबर १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे कामाला आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्याआधी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले होते. समोर येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत, बरा होऊन गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो, हा अनुभव त्यांनी तेथे घेतला. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 'समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू झाला.

त्यांची पहिली योजना सरळ होती. गावागावांत एकेक ए.एन.एम. राहील आणि लसीकरण, बाळंतपण, आरोग्यशिक्षण सांभाळील. कागदावर यात काही चूक नव्हती. प्रत्यक्षात ही योजना चालली नाही.

का चालली नाही, याचा विचार शिक्षकांनी विशेष करावा, कारण खेड्यातील शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेलाही हेच अनुभव येतात. ए.एन.एम. तरुण होती, बाहेरची होती, बहुधा अविवाहित होती. एकटीने राहायला सुरक्षित घर मिळणे कठीण. चार बाळंतपणे झालेल्या बाईने वीस-बावीस वर्षांच्या मुलीचे बाळंतपणाबद्दल का ऐकावे? तिची भाषा पुस्तकी, राहणी वेगळी. गावाला ती सरकारी माणसासारखी वाटे आणि तिला गाव परके वाटे. मुलींमध्ये गुण नव्हते असे नाही, पण अधिकार वरून मिळालेला होता आणि गावाने तो मानलेला नव्हता.

हा अनुभव आणि गावकऱ्यांशी झालेली बोलणी यांतून वेगळी वाट निघाली. गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला प्रकल्पाने शिकवायचे. या आरोग्यसेविकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. चित्रे, गोष्टी, गाणी यांतून धडा होई आणि प्रत्येकीने तो परत जाऊन गावाला शिकवायचा असे. जातीपातीच्या भिंती पाठ्यक्रमात कुठेच नव्हत्या, पण एका पंगतीला जेवताना त्यांचाही धडा होऊन जात असे.

नर्सचे काय झाले?

आता मुख्य प्रश्न. गावातली बाईच जर बाळंतपण करणार, जुलाबावर उपाय सांगणार, गरोदर बाईची तपासणी करणार, तर प्रशिक्षित नर्सला काय काम उरले?

तिचे काम संपले नाही, बदलले. ती फिरत्या पथकाबरोबर गावोगाव जाऊ लागली. पूर्वी ती स्वतः काम करी, आता आरोग्यसेविकेला शिकवू लागली, तिच्या शंका सोडवू लागली, तिने निवडून ठेवलेले अवघड रुग्ण पाहू लागली. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. तीन वर्षे खपून मिळवलेले ज्ञान सही करता न येणाऱ्या बाईला देऊन टाकायचे आणि गावात मान तिला मिळू द्यायचा, यासाठी मन मोठे लागते. 'मग माझी किंमत काय राहिली?' असा प्रश्न कोणालाही पडेल. ज्याच्याकडे शिकवण्याचे काम आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. विद्यार्थ्याला गणित आले म्हणून गुरुजींची किंमत कमी होत नाही.

ज्ञान वाटल्याने काय साधले, याची दोन उदाहरणे पाहू. पहिले नवजात बाळाच्या धनुर्वाताचे. या रोगाच्या जिवाणूंची बीजाणुरूपे मातीत, शेणात असतात. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, तिला शेण-राख लावली की ती शरीरात शिरतात आणि बाळ पहिल्या आठ-दहा दिवसांत दगावते. उपाय दोन, आईला गरोदरपणी लस आणि नाळ कापायला उकळलेले पाते. लस दिल्यावर आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात. पण 'सुई टोचली तर पोट पडेल' ही भीती घालवायला शेजारीण लागते. तिथे बाहेरच्या पदवीधराचे शब्द तोकडे पडतात. २०१५ मध्ये हा रोग भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हटल्याचे जाहीर झाले, त्यामागे अशा असंख्य शेजारणींचे श्रम आहेत.

दुसरे उदाहरण आमच्या वर्गातील मुलीचे, मीठ-साखरेच्या पाण्याचे. जुलाबात आतडी पाणी शोषून घेऊ शकत नाहीत, पण साखर आणि मीठ एकत्र मिळाले तर साखरेचा रेणू सोडियमला बरोबर घेऊन आतड्याच्या पेशीत शिरतो आणि मागोमाग पाणीही जाते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे साहित्य प्रत्येक घरात असते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजायला सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. प्रशिक्षित हात कमी पडले तेव्हा ज्ञान वाटून हात वाढवले गेले.

आकडे काय सांगतात?

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या आत आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील निवडक प्रयोगांवर पुस्तक काढले त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते, आणि १९७८ च्या आल्मा आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला त्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सामाजिक नेतृत्वासाठी.

पण नाइटिंगेलबाईंचा धडा विसरून चालणार नाही. बालमृत्यू याच काळात इतरत्रही घटत होते. मग घट प्रकल्पामुळे किती आणि एरवीही झाली असती ती किती? यासाठी प्रकल्पाच्या गावांची तुलना आसपासच्या इतर गावांशी केली पाहिजे. असा अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एक महिना ते पाच वर्षे या वयात मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र फरक दिसला नाही. यश खरे होते, पण त्याला मर्यादा होती. पहिल्या महिन्याच्या या अवघड प्रश्नावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काम केले. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला त्यांनी शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

आयोवातील मुखवटे

आता पुन्हा शाळेत येऊ. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा येथे कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. एका प्रकारात मोठा माणूस प्रत्येक पायरी हुकूम देऊन करून घेई. दुसऱ्यात तो मुलांशी चर्चा करून काम ठरवी. तिसऱ्यात तो मुलांना मोकळे सोडी. हुकमी गटातही काम पुष्कळ होत असे. फरक दिसला तो मोठा माणूस खोलीबाहेर गेल्यावर. हुकमी गटातील मुलांचे काम मंदावे, चर्चेने चालणाऱ्या गटाचे काम चालू राही. मोकळ्या सोडलेल्या गटात मात्र तो असतानाही फारसे काम होत नसे, हेही लक्षात ठेवावे.

जामखेडला हीच कसोटी लावून पाहा. नर्स आठवड्यातून एकदा गावात येते, बाकी सहा दिवस ती 'खोलीबाहेर' असते. त्या सहा दिवसांत गावात काय घडते, यावर तिच्या नेतृत्वाचे माप ठरते. पुढे १९९९ मध्ये डॉ. मेबल आणि २०११ मध्ये डॉ. रजनीकांत गेले. प्रकल्प त्यानंतरही चालू राहिला.

याचा अर्थ हुकूम वाईटच असा नाही. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला असताना सभा भरवता येत नाही. तिथे एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी तत्काळ ऐकायचे. शय्याव्रण टाळायला वेळापत्रक लागते. पण आईची सवय बदलायची असेल, गावाचा समज बदलायचा असेल, तर हुकूम चालत नाही. चांगल्या परिचारिकेला कोणत्या वेळी कोणती रीत हे कळते. आणि आपल्या हातून काय सोपवायचे नाही हेही कळते. आडवे मूल, पाय सुजून डोके दुखणारी गरोदर बाई, अशा खुणा दिसताच रुग्णालयात पाठवायचे, हा जामखेडच्या शिकवणीतला महत्त्वाचा भाग होता.

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलल्या. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या हातातल्या छोट्या दिव्याशी त्यांची तुलना केली. झुंबर सुंदर असते पण महाग आणि उंचावर असते. दिवा साधा असतो, पण तो कोठेही नेता येतो आणि त्यावर दुसरा दिवा लावता येतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दिवा घेतलेल्या बाईचे स्कुटारीचे चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

आजचा प्रश्न

२००२ मध्ये छत्तीसगडात 'मितानिन' आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्त्या आल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांच्या कामाचा गौरव केला. गावातली बाई आता आरोग्यव्यवस्थेचा भाग झाली आहे. पण तिच्यावरची नर्स तिला शिकवते, की तिच्याकडून तक्ते भरून घेते? ती गावाची प्रतिनिधी आहे, की खालची निरोप्या? रचना उचलून नेता येते, तिच्यामागचे नाते मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने जोडावे लागते.

शिक्षकांना एक छोटा प्रयोग सुचवतो. मध्यान्ह भोजनापूर्वी हात धुण्याची जबाबदारी दोन वर्गांत वेगवेगळ्या रीतीने सोपवा. एका वर्गात शिक्षकांनी उभे राहून हात धुवून घ्यावेत. दुसऱ्या वर्गात मुलांनीच का, कसे आणि कोणी पाहायचे ते ठरवावे, आणि हे काम दर आठवड्याला नव्या मुलाकडे जावे. दोन आठवडे असे चालू द्या. तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांनी तिथे जाऊ नये, फक्त लांबून किती मुलांनी हात धुतले ते मोजावे आणि रोजचा आकडा वर्गातील फळ्यावर लिहावा. आलेख मुलांनाच काढू द्या. निकाल आपल्या अपेक्षेच्या उलट आला तरी तो तसाच लिहावा.